खांबावरचा रंग

धाकट्या,

अकरा वाजता माझी गाडी बघायला तू बोलावलेलं गिऱ्हाईक येईल. त्याला चहा पाज आणि परत पाठव. गाडी घेऊन मी मावशीकडे चालले आहे, रविवारी येईन. चावी तू पिठाच्या डब्यात लपवलीस. अरे, स्वयंपाकघर कोणाचं आहे?

तू म्हणालास म्हणून याच मॉडेलच्या तिन्ही पिढ्या चालवून पाहिल्या. शेजारच्या डॉक्टरीणबाईंची मधली, वापरलेली, बरी आहे, पण क्लच दाबून गुडघा धरतो. तुझी नवी पांढरी पळते छान, पण मागची काच एवढीशी, कॅमेऱ्याशिवाय काही दिसत नाही, वर सारखी कटकट करते. माझ्या चौदा वर्षांच्या डबड्यात नुसती मान वळवली की सगळं दिसतं.

वय झालं, आईने गेटच्या खांबाला गाडी घासली, असं तू गावभर सांगत सुटलास. माझ्या गाडीवर आधीचेच इतके ओरखडे, की मलाही ते खरं वाटलं. आज सकाळी खांब पुसायला गेले. माझी गाडी लाल आहे. खांबाला लागलेला रंग पांढरा आहे.

पुसलेला नाही. जाऊन बघ, कॅमेरा लागणार नाही.

आई