कंदील जळत होता, आबा

प्रिय आबा,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं. खरं तर आज मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे धक्का बसायला नको.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायची. हे कोण वाचून दाखवणार? कोणीच नाही. तरी लिहिते, कारण तोंडाने बोलायला गेले तर रडू येईल आणि मला रडायचं नाही, भांडायचं आहे.

आजच का? कारण तुम्ही कशाने गेलात ते मला काल कळलं. आणि उद्या सकाळी तुमचा धाकटा भाऊ तेच पाणी ओढायचं इंजिन पुन्हा आपल्या विहिरीत, त्याच बावीत, उतरवणार आहे.

तुम्हाला जाऊन हा चौथा उन्हाळा. मी स्टेशनच्या पूर्वेला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. दर शनिवारी दुपारी तिथल्याच औद्योगिक वसाहतीच्या हॉलमध्ये एक वर्ग भरतो. कामगाराला इजा होऊ नये म्हणून काय काय बघायचं, ते तिथे शिकवतात. वर्षभराने परीक्षा. पास झाले की सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागता येतं. वर्गात सगळे पुरुष, मी एकटी मुलगी. गिरण्या बंद पडल्यापासून तिकडचेही काहीजण येतात. आई अख्ख्या गिरीज गावात सांगते, “आमची पोर हेल्मेटचं शिकते.”

काल सरांनी विचारलं, “बंद टाकी आहे. आत माणूस उतरवायचाय. आतली हवा ठीक आहे की नाही, कसं ओळखाल?”

मी वर्गात कधी हात वर करत नाही, आबा. उत्तर येत असलं तरी मनात तीनदा तपासते, तोवर दुसरा कोणीतरी बोलून जातो. पण काल माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. याचं उत्तर मला येणार नाही तर कोणाला!

“कंदील सोडायचा, सर. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर नाही.”

“छान,” सर म्हणाले. “बाई, तुम्ही मेलात.”

सगळे हसले. गिरणीतले एक मामा मागून म्हणाले, “आणि बाईंना काढायला उतरेल तोही!”

“बरोबर. तो दुसरा,” सर म्हणाले, आणि फळ्याकडे वळले.

कंदिलाला फक्त एवढंच कळतं, आबा, की प्राणवायू आहे की नाही. कोंडलेल्या जागेत इंजिन चाललं की एक विषारी वायू साठतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने ज्योत विझत नाही. माणूस विझतो. आधी डोकं जड होतं, मग ओकारी, मग हातापायांतलं बळ जातं. पळावं असं मनात आलं तरी पाय उचलत नाहीत. आणि मेल्यावरही ओठ, नखं लालसर दिसतात.

मी ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. ‘लालसर’ या शब्दाखाली लाल शाईने रेघ मारली. मग वाचलं.

तुम्हाला अंगणात ठेवलं होतं तेव्हा आई तुमचा हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होती. “बघा गो, नखं कशी जिवंत माणसासारखी आहेत. गेलेत असं वाटतं का?”

त्या दिवशीचं तुम्हाला पुन्हा सांगते, कारण तुमच्याकडे ते अर्धंच आहे.

वैशाख होता. पाणी खोल गेलेलं, वरून ओढलं जाईना, म्हणून इंजिन बावीच्या आत फळ्यांच्या माचावर ठेवलं होतं. सकाळपासून चालू होतं. दुपारी गचके देत बंद पडलं. धूर सगळा आतल्या आत. तुम्ही धोतर वर खोचलंत आणि हाक मारलीत, “बाय, कंदील घे.” दरवेळी हे काम माझंच. शिकलेली पोर घरात असताना दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांवर तुमचा भरवसा नव्हता.

मी काच पुसली. वात वर केली. कंदील दोरीने माचापर्यंत सोडला, पन्नास आकडे मोजले, वर घेतला, पुन्हा सोडला. असं तीनदा. तुम्हाला हसू आलं. “मुलगी बघायला आलेलेसुद्धा एवढं निरखून बघत नाहीत गो! जळतोय ना?”

“जळतोय, आबा.”

“मग झालं.”

तुम्ही उतरलात. हँडल लावून दोन फेरे मारलेत आणि खाली बसलात. मला वाटलं, दम खाताय. मी वरून विचारलं, “पाणी सोडू का?” तुम्ही मान हलवलीत. ती हो होती की नाही, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मग तुम्ही एका अंगावर कललात. कंदील तुमच्या शेजारी लटकत होता आणि स्वच्छ जळत होता, आबा! त्याच्या उजेडात मला तुमची मिशी दिसत होती!

माझी किंकाळी ऐकून काका केळीतून धावत आले. कमरेला दोर बांधून उतरले. चौघांनी त्यांना ओढून वर काढलं तेव्हा ते ओकत होते. त्यांचे पाय लुळे पडले होते. तीन दिवस डोकं धरून पडले होते. ते वाचले. तुम्ही नाही.

मग गावाने ठरवलं की आसरांनी नेलं. का? कारण हवा तर चांगली होती. कंदील जळत होता. शिकलेल्या पोरीने स्वतः, एकदा नाही, तीनदा बघितलं होतं. मग धडधाकट माणूस मरेल कसा? पाण्यातल्या त्या बायांनीच ओढला असणार. म्हणजे त्यांच्या बाजूची साक्षीदार कोण? मी! माझीच साक्ष काढून दरवर्षी बावीत नारळ पडतो, आणि मी मुकाट्याने बघत उभी राहते.

आणि माझं ते पुस्तक. पेल्याखाली मेणबत्ती विझते तो प्रयोग शाळेत शिकवला, तेव्हा मी धावत येऊन तुम्हाला चित्र दाखवलं होतं. तुम्ही त्यावर बोट ठेवून म्हणालात, “म्हणजे आपले म्हातारे शहाणेच होते.” मी ऐटीत मान डोलावली. त्याआधी तुम्ही कंदील सोडायचात, पण मनात थोडी धाकधूक ठेवून उतरायचात. पुस्तकातलं चित्र बघितल्यावर तीही गेली. तुमची धाकधूक मी घालवली, आबा. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी!

चार वर्षं मी स्वतःला विचारत होते, काच काळी होती का? वात नीट होती का? पन्नास आकडे घाईने मोजले का? झोपेत पुन्हा मोजायची. कंदिलाला काय कळतं आणि काय कळत नाही, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

एवढ्यावर हे पत्र संपलं असतं तर राग माझा माझ्यावरच राहिला असता. पण आज सकाळी मी काकांशी बोलायला वाडीत गेले.

तुम्ही गेल्यापासून इंजिन वरच होतं. यंदा पाणी फारच खाली गेलंय. आजूबाजूच्या बावींवर टँकर लागतात, वरून एक थेंब ओढला जात नाही. काका माचाच्या फळ्या ठोकत होते.

“काका, इंजिन आत उतरवू नका.”

“का गो? नारळ आणलाय. तुझी काकी ओटीपण भरणार आहे.”

“आबा धुराने गेले. त्यात एक गॅस असतो, दिसत नाही.”

“कंदील जळत होता. तूच सांगितलंस सगळ्या गावाला. आता फिरतेस?”

“कंदिलाला तो गॅस कळत नाही, काका.”

“वा! कंदिलाला कळत नाही, आसरांना कळत नाही, तुझ्या हेल्मेटवाल्यांना तेवढं कळतं!”

मला रडू फुटणार होतं. मी वही उघडली आणि त्यांच्यासमोर वाचायला लागले. डोकं जड होणं. ओकारी. पायांतलं बळ जाणं. “तुम्हाला असंच झालं होतं ना? तुम्ही ‘वर ओढा’ म्हणून ओरडणार होतात आणि आवाजच फुटेना, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?”

काकांचा हातोडा थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दादालापण होत होतं. आधीच्या दोन दिवसांत. वर आला की डोकं दाबून बसायचा. केळीत जाऊन ओकलापण होता.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तोच म्हणाला, पोरीला सांगू नको. ती भित्री. इंजिन बंद करायला लावील, केळी करपतील.”

आबा!

तुम्हाला माहीत होतं? गॅसचं नाव माहीत नसेल, पण आत उतरलं की काहीतरी होतं हे माहीत होतं? आणि मला वर उभी करून, हातात कंदील देऊन, “जळतोय ना?” विचारलंत? जे मला सांगायला हवं होतं ते पोटात ठेवून, जे तुम्हाला ऐकायचं होतं तेवढंच माझ्याकडून वदवून घेतलंत?

हो, मी भित्री आहे. स्टोव्ह विझवला का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. तुम्ही पाहुण्यांना ते रंगवून सांगायचात. मीही हसायची. पण दोन दिवस डोकं दाबून बसत होतात, ओकलात, हे मला कळलं असतं ना, तर गॅस-बिस काही माहीत नसताना मी कंदील बावीत फेकून दिला असता आणि कठड्यावर आडवी पडले असते. तुम्हाला माझ्यावरून उडी मारून जावं लागलं असतं. नसती मारलीत तुम्ही.

आणि पलीकडच्या वाडीतले इनासकाका? त्यांनी त्याच वर्षी धुराचा पाइप वाढवून बावीच्या कठड्याच्या वर काढला होता. तुम्ही काय म्हणालात? “इनासने बावीला चिलीम ओढायला दिलीय!” अख्खी आळी हसली. इनासकाका अजून वाडीत काम करतात, आबा. ती चिलीम अजून तिथे धूर सोडते.

केळी करपतील म्हणून! त्या वर्षीची केळी करपलीच. तेराव्यापर्यंत पाणी घालायला कोण होतं?

एवढं सगळं बोलून झाल्यावरही काका म्हणाले, “तुझं खरं असेल बाय. पण पाणी तर पाहिजे. उद्या गडी येतायत. सकाळी उतरवू, दुपारच्या आत काढू.” अगदी तुमचाच आवाज!

मग मी आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली. इंजिनाचं हँडल गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. त्याच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. आईने बघितलं. मला वाटलं ओरडेल. तिने माझ्या हातातून ते घेतलं, तांदळाच्या कोठीत खोल खुपसलं, वर झाकण घातलं आणि पाट ठेवून त्यावर बसली.

काका तणतणत आले. “वहिनी, हँडल बघितलंत?”

“मी शेंगा सोलते,” आई म्हणाली.

“ते विचारलं नाही मी.”

“मीपण दुसरं काही सांगितलं नाही.”

मी हे लिहितेय तेव्हाही ती तिथेच बसली आहे. शेंगा केव्हाच संपल्यात.

मी इनासकाकांकडे जाऊन आले. त्यांचा पाइप बसवणारा माणूस मंगळवारी येतो म्हणालाय. तोवर आई आणि मी केळीला घागरींनी पाणी घालू. सगळी जगणार नाहीत. काका दुसऱ्याचं हँडल मागून आणतील, असंही मला वाटतंय. आणलं तर मी उजाडल्यापासून कठड्यावर आहे. पाइप वर आल्यावरही इंजिन चालू असताना कोणी आत उतरणार नाही, आणि बंद झाल्यावर लगेचही नाही. हे मी काकांना सांगणार आहे. माझा आवाज थरथरेल. थरथरू दे.

आणि तुम्हाला एक वचन देते. मी ही परीक्षा पास होईन. ज्या कारखान्यात लागेन तिथे रोज पाळी सुरू होताना प्रत्येकाला विचारीन, डोकं दुखतंय का? ओकारी झाली का? हसतील, नावं ठेवतील, ठेवू देत. कोणी हो म्हणालं तर मी मशीन बंद करीन. पण त्याच्यावर ओरडणार नाही, रडणार नाही, त्याच्या भीतीत माझी भीती मिसळणार नाही. मला सांगितलं म्हणून त्याला पस्तावा होणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखलं तर तो पुन्हा सांगायला येईल, अशी मी होईन. तुम्हाला मला सांगता आलं नाही, आबा. त्याला सांगता येईल.

तुमची,
सुमन