वरची कडी

प्रिय धाकटे,

अक्षर तिळाएवढं काढलंय आणि कागद इतका पातळ घेतलाय की पलीकडचं बोट दिसावं. चिडवू नकोस. एरवी मी पत्रातही फळ्यावर लिहिल्यासारखी ढब्बू अक्षरं काढते, हे तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस. या वेळी तसंच कारण आहे, ते येईलच पुढे. आधी तुझ्या लेकीची खबर. तू घरात तिला मुंगी म्हणतेस, तेच नाव आता शाळेतही रुळलंय. चालताना पाऊल वाजत नाही पोरीचं.

आमच्या शाळेत बाकं नाहीत, घंटा नाही, हे तुला पाठ आहे. बुटक्या कपाटांत साहित्य मांडलेलं असतं: खरखरीत कागदाची अक्षरं, मण्यांच्या माळा, बटणं लावायच्या चौकटी, पाणी ओतायला खरे काचेचे पेले. मूल येतं, आपली चटई पसरतं, मनाला येईल ते घेऊन बसतं. त्याला खेळ म्हणायचं नाही, काम म्हणायचं. आणि चटईवरच्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही. मूल स्वतःहून चटई गुंडाळेपर्यंत आपण हाताची घडी घालून बसायचं. तुला हे सगळं थेर वाटायचं. पोरं राबतात आणि बाई पगार घेतात, म्हणायचीस, आणि मग आपण दोघी पोट धरून हसायचो. तुझं ते हसणं कानावर पडून फार दिवस झाले गं. हल्ली तू फाटकापर्यंतही येत नाहीस. मुंगीला आणायला-सोडायला भाऊजीच येतात. अगदी वेळेवर, बूट चकचकीत, दोन्ही हात जोडून नमस्कार.

कड्यांची फळी भाऊजींनीच शाळेला दिली, आठवतं ना? लोखंडी सामानाचं दुकान घरचंच, म्हणून मी हक्काने मागितली होती. एका लाकडी फळीवर कुलूप, कोयंडा, साखळी, आकडा, आणि सगळ्यांत वर पितळेची जाड सरकती कडी. घरच्या दारासाठी दोन आणल्या होत्या, एक उरली, असं म्हणाले होते. मी आभारसुद्धा मानले.

मुंगीने या सत्रात दुसऱ्या कशालाच हात लावला नाही. रोज तीच फळी, रोज तीच वरची कडी. आम्हा शिकवणाऱ्यांना अशा वेळी आनंदच होतो. मूल एका कामात बुडालं की समजायचं, आतून काहीतरी उगवतंय. पाहुणे आले की मी त्यांना लांबूनच तिची पाठ दाखवायची. बघा, मान वर नाही करत. आमच्याकडे शांततेचा खेळ असतो: डोळे मिटून बसायचं, नाव पुकारलं की कशाचाही आवाज न करता उठून यायचं. त्यातही तीच पहिली. मग एकदा तिने शिवणयंत्राच्या तेलाची कुपी मागितली. कापसाच्या बोळ्याने कडीला तेल लावलं, पुढेमागे सरकवून पाहिली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आता ही बोलत नाही.” मी कौतुकाने हसले. तेव्हाच अंगावर काटा यायला हवा होता.

काटा आला तो मागच्या आठवड्यात. तिने फळी भिंतीला टेकवून उभी केली, कोपऱ्यातलं स्टूल उचलून आणलं, फरफटवलं नाही, आणि वर चढून डोळे मिटून कडी काढली. उतरली. परत चढली. मी नियम मोडला. तिच्या चटईशी जाऊन बसले आणि विचारलं की हे काम कशाचं आहे. पाढे म्हणावेत तसं तिने मला सांगितलं. आईच्या खोलीला बाहेरून कडी आहे. आईला आतून कडीच नाही. रोज बाबा दुकानात जाताना मोठ्या दाराला कुलूप घालतात, म्हणून रोज उघडून उपयोग नाही. सुट्टीच्या दिवशी कुलूप नसतं, कारण बाबा दारापाशी पलंगावर झोपलेले असतात. तेव्हा उघडायची. फक्त आवाज व्हायला नको.

धाकटे, सहा वर्षं पुरी नाहीत पोरीला.

म्हणून मी आपल्या दादाला घेऊन त्या संध्याकाळी तुमच्याकडे आले होते. तेव्हा सांगितलं तसं, आठवण आली म्हणून नव्हे. तुझ्या नवऱ्याने स्वतः चहा केला. तुला खोलीतून बोलावलं. तू त्याच्या खांद्यामागे उभी राहिलीस, मनगटावर पदर ओढलास आणि म्हणालीस, “मी बरी आहे.” बाहेर पडताना मी तुझ्या खोलीच्या दाराच्या वरच्या अंगाला पाहिलं. आमच्या फळीवरची कडी, तिची जुळी बहीण. तू खोटं का बोललीस हे मला कळतं. राग तुझा नाही आला, भीती वाटली. अजून वाटतेय. पोळ्या लाटताना, हजेरी घेताना, पायऱ्या उतरताना वाटते.

पोलीस चौकीवरच्या बाईंशी मी बोलले. चांगल्या आहेत, पण त्यांचंही खरं आहे: सज्ञान बाई स्वतःच्या तोंडाने ठीक आहे म्हणाली, तर आम्ही दारातून परत फिरणार, म्हणाल्या. तेव्हा नीट वाच. मुंगी शाळेतून आली की तो तिला आत सोडून परत दुकानात जातो, आणि ती तुला दाराच्या फटीतून चित्रं सरकवते, हे तिनेच मला सांगितलं. आज चित्राबरोबर हा कागद येईल. फटीत मावावा म्हणून तिळाएवढं अक्षर. वाचून झाला की पाण्यात भिजवून चोळामोळा कर. उद्या दुपारी तो दुकानात असताना आम्ही येतोय: मी, दादा, चौकीवरच्या बाई आणि कुलूपवाला. मुंगी शाळेतच असेल, माझ्या सोबतिणीच्या नजरेखाली. मोठ्या दाराचं कुलूप आम्ही काढू, तुझी कडी मी काढीन. पण त्याआधी बाई बाहेरून विचारतील, आणि तेव्हा आतून “मला बाहेर यायचंय” एवढं तुलाच म्हणावं लागेल. तुझ्या वतीने ते मी म्हणू शकत नाही. रडत म्हण, अडखळत म्हण, पण म्हण. कारण तू गप्प राहिलीस तर परवा सुट्टी आहे. परवा दुपारी तो दारापाशी झोपलेला असेल आणि मुंगी स्टूल उचलेल. मी तिला परोपरीने सांगून पाहिलं की हे काम तिचं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काम चालू आहे.” चालू कामात कुणी मधे यायचं नाही, हे तिला मीच शिकवलंय.

उद्या दाराबाहेर उभी असलेली, तुझीच
ताई