लाल वर्तुळातले घर

मी, आरोग्य संशोधन संस्थेतून निवृत्त झालेली संख्याशास्त्रज्ञ, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझा कर्करोग रक्तात आहे, डोक्यात नाही; डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे.

कलम १. बँकेतली मुदत ठेव, दागिने व शिलाई मशीन माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. मोठी पितळी परातही तिलाच. ती लहान असताना मी तिला त्या परातीत मूठभर मोहरी उधळायला लावत असे. मोहरी कधी सारखी पसरत नाही. कुठे दाटते, कुठे मोकळे पडते. "इथे दाटली, म्हणजे परातीत दोष आहे का गं?" मी विचारी. "नाही, अशीच पडली," ती म्हणे. तिला पाचव्या वर्षी जे कळले ते आमच्या साहेबांना निवृत्त होईपर्यंत कळले नाही.

कलम २. साहेब म्हणजे संस्थेचे माजी संचालक. आधी बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे, ही त्यांची रीत, म्हणून आम्ही त्यांना नेमबाज म्हणत असू. या गल्लीत पाच जण रक्ताच्या कर्करोगाने गेले, तेव्हा त्यांनी नकाशावर नेमके त्याच घरांना कवेत घेणारे लाल वर्तुळ काढले. मग पाणी, माती, विजेच्या तारा, भिंतींचा रंग, धूर अशा वीसेक गोष्टी तपासल्या. कशातच काही निघाले नाही, फक्त जुन्या नळांत निघाले. वीस गोष्टी तपासल्या की एखादी नुसत्या योगायोगाने लागतेच, हे मी भर बैठकीत घसा फोडून सांगितले. छापून आले ते नळांचे तेवढे. लोक घरे टाकून गेले आणि नेमबाजांना पदक मिळाले. माझ्याकडून त्यांना काहीही मिळू नये.

कलम ३. त्या वर्तुळातले हे घर मी तेव्हा हट्टाने, मातीमोल भावात घेतले. कोणीतरी इथे राहून दाखवायला हवे होते. माझे यजमान बिचारे माझ्यामागून आले. पुढे ते शिडीवरून पडून गेले, तरी लोकांनी त्यांनाही त्याच रोगात धरले. दूधवाला पिशवी गल्लीच्या तोंडाशीच ठेवतो. पाहणीवाल्यांनी रोग्यांच्या दारांवर लाल रंगात घातलेले आकडे, एक ते पाच, अजून दिसतात. भर दुपारी त्या बंद घरांतले नळ वाजतात. तिथले पाणी कधीच तोडले आहे. हवा अडकली असेल, अशी मी मनाची समजूत घालते.

कलम ४. हे घर माझ्या मुलीला मिळावे. तिची भाड्याची जागा लवकरच सुटणार आहे. तिने नातीला घेऊन लगेच इथे राहायला यावे. ती म्हणते, "मला कसली भीती, आई? तूच शिकवलंस ना!" (हे कलम मी स्वतः खोडले आहे. कारण कलम ६ मध्ये.)

कलम ५. माझे दुखणे कळले तेव्हा ते डॉक्टरांना आणि मलाच ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर लाल रंगात सहाचा आकडा होता. रंग ओला होता, बोटाला लागला. नेमबाजांना फोन केला. "अहो बाई, मला जिना उतरवत नाही, मी कसला दारं रंगवतोय?" खरे असावे. ते खोटे बोलत नाहीत, फक्त चुकतात. टवाळ पोरांचे काम म्हणावे, तर पोरे या गल्लीत फिरकत नाहीत. असो. एका रोग्याने काहीही सिद्ध होत नाही. माझ्या वयाला हा रोग कुठल्याही गल्लीत होतो. माझे मरण कोणी पुरावा म्हणून वापरू नये, हे बजावून ठेवते.

कलम ६. मागच्या आठवड्यात मुलगी पडद्यांची मापे घ्यायला आली आणि नातीसह दोन दिवस राहिली. निघताना नातीच्या पोटरीवर मला निळा डाग दिसला. असे डाग ही या रोगाची पहिली खूण असू शकते, आणि धावणाऱ्या प्रत्येक पोराच्या पायावरही ते असतात. "आजी, मी पायरीवरून पडले ना," ती म्हणाली. मी भिंग आणले. "आई, काय चाललंय तुझं?" मुलीने विचारले. मी भिंग आणखी जवळ नेले. रक्त तपासले, काही निघाले नाही, डागही गेला. माझी भीती मात्र गेली नाही. मी अजून मनाने त्या पोटरीकडेच बघत बसले आहे.

म्हणून कलम ४ रद्द. आमच्या कामात चुकलेली नोंद गिरगटून टाकत नाहीत. एकच रेघ मारतात, खालचे वाचता यावे म्हणून, आणि शेजारी सही करतात. वकील नवा कागद घ्या म्हणाले, मी ऐकले नाही. माझा काय विश्वास होता तेही मुलीला वाचता यावे. घर पाडावे, जागा कोणाला राहायला देऊ नये. ठेवीतून तिने दुसरीकडे, लहान का होईना, घर बघावे. बाळा, खुशाल रागाव माझ्यावर.

साक्षीला या गल्लीत पाऊल टाकायला डॉक्टरांखेरीज कोणी तयार होईना. शेवटी नेमबाज आले, मुलाच्या खांद्याचा आधार घेत. पाणी दिले, प्यायले नाहीत. सगळे वाचून म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो तर."

"नाही. तुमचं गणित आजही चूक आहे."

"मग पोरीला घर का देत नाही?"

मी त्यांच्या हातात पेन दिले.

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर (सही) २. संस्थेचे माजी संचालक (सही)
कलम ४ वरील रेघेशेजारी तिघांच्याही सह्या आहेत.
स्थळ: राहते घर
दिनांक: अकरा फेब्रुवारी