कौल आणि कवेलू

हिवरखेड,
माघ शुद्ध पंचमी, शके १७८८

प्रिय भगवंता,

तुला तुझ्या थोरल्या भावाचे आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे. माय बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती आमच्यावर कुरकुरते. तुझ्या वहिनीने, गंगूबाईने, विहिरीकडचे सगळे वाफे वांग्यांना दिले आहेत आणि ती आता मला त्यात पाऊल टाकू देत नाही. तेजीच्या वर्षांत गावातल्या झाडून साऱ्यांनी कापूस पेरला, तेव्हा मी भाजीपाला सोडला नाही म्हणून लोक हसले होते. आता कापसाचा भाव उतरला आहे आणि तेच लोक माझ्याकडे वांगी घ्यायला येतात. मी त्यांना जुनी आठवण देत नाही. एखाद्यालाच देतो.

पण हे पत्र वांग्यांसाठी नाही, छपरासाठी आहे. सगळं वाच. लहानपणी पोथी वाचताना तू मधली पानं गाळून थेट आरतीला यायचास, ते मला पक्कं ठाऊक आहे. इथे तसं चालणार नाही.

तू शेटजींच्या कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेलास आणि तिथून रेवदंड्याकडे त्यांच्या सुपारीच्या वाडीवर माळी म्हणून राहिलास, तेव्हा मी एकच अट घातली होती. डोक्यावर पक्कं छप्पर झाल्याशिवाय रुख्मिणीला पाठवणार नाही. अट वाईट नव्हती. तुझी बायको आमच्या घरची सून, तिला वाऱ्यावर कशी सोडायची? फक्त तुमच्याकडे वारा असा असतो, हे मला कुठे माहीत होतं! मी समुद्र पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हणजे माझ्या हिशोबी पूर आलेली पूर्णा.

पहिल्या वर्षी तू तिथे धाब्याचं घर बांधलंस, हे आठवून मी अजूनही एकटाच हसतो. गंगूबाई विचारते, काय झालं, आणि मी सांगतो, भगवंताचं धाबं. अरे, आपल्याकडे ते शोभतं. लाकडांवर कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरायच्या, त्यावर माती थापायची, मृगाआधी आपले आबा करायचे तसा खाऱ्या मातीचा थर द्यायचा, की उन्हाळ्यात घर गार. वर मिरच्या वाळतात, वड्या वाळतात, चैत्रात सगळं घर वर जाऊन झोपतं. ज्या घरावर झोपता येत नाही ते घर कसलं, असं तू तिथल्या लोकांना ऐकवलंस म्हणे. ते बिचारे लांबून पाहायला आले. मग आषाढात धाबं विरघळून भाताच्या पातेल्यात उतरलं. समुद्राकाठी जाऊन डोक्यावर सपाट मातीचं छप्पर घालावं, हे आपल्या वऱ्हाडातल्या माणसालाच सुचू शकतं.

दुसऱ्या वर्षी तू शहाणा झालास आणि तिथल्यासारखं नारळाच्या झावळ्यांनी घर शाकारलंस. पाऊस झेपला, पण कार्तिकातलं वादळ नाही झेपलं. ते सगळं आम्हाला दिवाळीनंतर तिकडे जाऊन आलेल्या अकोल्याच्या आडत्याच्या मुनिमाने, ओमप्रकाशने, येऊन सांगितलं. छप्पर अख्खंच्या अख्खं उचललं गेलं, तू उलट्या घातलेल्या होडीखाली रात्र काढलीस, आता वाडीच्या कोठारात सुपाऱ्यांच्या राशीशेजारी झोपतोस. ओमप्रकाशने चहूकडे पाहिलं, ताक पिऊन घेतलं आणि तुझा निरोप सांगितला: "भगवंत बोलला, कौल भेटला की बहूला न्यायला येतो."

कौल भेटला की! भगवंता, तूच मागे कळवलं होतंस ना, की इकडचे लोक विहीर खणायची असली तरी आधी देवाला कौल लावतात, उजवीकडचं फूल पडलं तर हो आणि डावीकडचं पडलं तर नाही? आम्ही सरळ तोच अर्थ घेतला. म्हणजे बायकोला आणायचं की नाही, हे हा देवाला विचारणार आणि देवाचं फूल पडेपर्यंत पोरीने इथे बसून राहायचं! मी इतका तापलो की ओमप्रकाश दुसरं ताक न घेताच गेला. माय म्हणाली, "लग्नात सात फेरे घेतले तवा कोन्या देवाले इचारलं होतं त्यानं?" गंगूबाईने तर भांडीच आपटायला घेतली, आणि ती भांडी आपटते तेव्हा घरात काय होतं ते तू जाणतोस. मी पुढचा सगळा महिना वाटेल त्याला सांगत फिरलो, की आमचा भगवंता कोकणात जाऊन देवभोळा झाला. फूल डावीकडचं पडलं तर काय करणार होता, हा प्रश्न मी रोज बैलांना विचारत होतो.

मध्येच किसनरावाचं प्रकरण झालं. तेजीत ज्याने बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घातली, तोच किसनराव. त्याने मुंबईहून विलायती लोखंडी पत्रे आणवून गोठ्यावर टाकले आणि गावभर सांगत सुटला, की दरवर्षी छपराचे फुटके कवेलू बदला, माती टाका, ही कटकट गेली. पौषातल्या एका दुपारी गारपीट आली, सोबत वावटळ. एक पत्रा सुटला, कडुनिंबाचा शेंडा कापून आमच्या वांग्यांत येऊन रुतला. गंगूबाई तिथून नुकतीच उठली होती. माणूस वाचला, वांग्यांच्या दोन सरी गेल्या. तेव्हाच माझ्या मनात आलं, समुद्रावरच्या वाऱ्यात हे लोखंडी पान कुठवर उडत जाईल! तुझ्यावर राग होता तरी हे आलं. म्हणून आधी हेच सांगतो: पत्र्याच्या नादी लागू नकोस. कोणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. त्याचा आवाज तर विचारूच नको, किसनरावाची म्हैस अजून दूध चोरते.

त्यानंतर मी भाजी घेऊन अकोल्याला गेलो. तिथे नव्या स्टेशनाशेजारी मालाची कोठी बांधणं चालू आहे. मी गाडी सोडून उभा होतो, तर एक कोकणी मिस्त्री डब्याच्या दारातून ओरडत होता, "कौलं आली! कौलं उतरवा! हळू, कौलं फुटतील!" मी जागीच थबकलो. देवाचा कौल आगगाडीने येतो? आणि फुटतो? पुढे होऊन पाहिलं, तर गवतात नीट रचून ठेवलेले कवेलू! साधे, मातीचे, भट्टीत भाजलेले कवेलू. मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे याला कौलच म्हणतात, तुम्ही काय म्हणता? मी सांगितलं आणि तो हसला. मीही हसलो, पण माझं हसू जरा उशिरा आलं. तू म्हटलं असशील, कौलं मिळाली की नेतो. ओमप्रकाशच्या मोडक्या मराठीत ती कौलं तो कौल झाली, आणि आम्ही घरबसल्या देवाला मध्ये ओढलं.

मग मी त्या मिस्त्रीला सोडलाच नाही. त्याला वांगी दिली, गंगूबाईने बांधून दिलेली भाकर दिली आणि वाऱ्याच्या गावात छप्पर कसं घालतात ते सगळं विचारून घेतलं. तेच तुला सांगतो. घर चौपाखी कर, चारी बाजूंनी उतरतं. दुपाखी घराच्या उघड्या त्रिकोणी भिंतीला वारा छातीने ढकलतो. वळचण फार पुढे काढू नकोस, नाहीतर वारा खालून हात घालून छप्पर उचलतो. आणि ओटीचं छप्पर घराच्या छपराला जोडू नकोस. मला आधी हे पटलं नाही, पण तो म्हणाला, न्यायचीच असेल तर वाऱ्याने ओटी न्यावी, घर सोडावं. कवेलूंची काठची आणि आढ्यावरची ओळ चुन्यात बसव, मधले नुसते रचले तरी चालतील. नारळाचं झाड घरापासून त्याच्या उंचीइतकं लांब असू दे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वासे भिंतीवर नुसते टेकवायचे नाहीत. वासा खांबाला आवळून बांधायचा, खांब जमिनीत खोल गाडायचा. तो म्हणाला, छप्पर पडत नाही हो, छप्पर उडतं. तुम्ही घाटावरचे लोक ते पडू नये म्हणून बांधता. आपल्या आबांनी जन्मभर छपराला खालून टेकू दिले. वरून धरून ठेवायचं असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घरी आलो आणि ओसरीवर बसून मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. कौल म्हणजे कवेलू! मायने कपाळाला हात लावला. गंगूबाई हसून हसून खाली बसली. मी आपल्या शहाणपणावर खूष होऊन पाणी मागितलं, तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला, "मले माहीत होतं."

तुला वाटेल, कोणाचा आवाज. मलाही क्षणभर कळलं नाही. तुझ्या लग्नापासून रुख्मिणी या घरात आहे, पण मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ; माझ्यासमोर तिचा पदर खाली आणि तोंड बंद. ज्वारी संपली हे तिला मला सांगायचं असलं तरी ती गंगूबाईला सांगणार आणि गंगूबाई मला. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी दाराकडे न बघता विचारलं, मग बोलली का नाहीस? तर उत्तर आलं, "छप्पर उडालं म्हनून सांगतल्यावर मानूस कवेलूच मागन. देवाले काहून मागन? पन तुमी मले इचारलं कुठं?"

भगवंता, खरंच, कोणी विचारलं नव्हतं. महिनाभर घरात तिच्या जाण्या-न जाण्याचा खल चालला होता, देवाचं फूल उजवं की डावं यावर वाद झाले होते, आणि ज्या माणसाचा कौल घ्यायचा ते माणूस भिंतीपलीकडे बसून अंबाडीचे दोर वळत होतं. हो, दोर. ओमप्रकाश गेल्यापासून ती अंबाडी भिजवून तिच्या सालीचे धागे, वाख, काढत होती. मी समजलो, बैलांसाठी. माय म्हणायचीसुद्धा, बाईमाणसाचं काम आहे का हे? आता कोठीत जाऊन पाहिलं तर वेटोळ्यांवर वेटोळी. मिस्त्रीने मला जे अकोल्यात शिकवलं, की छप्पर बांधून ठेवावं लागतं, ते हिला इथे बसून सुचलं होतं. मी एक दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला. तुटला नाही. मी ओसरीवरूनच विचारलं, मग तुझा काय कौल? घर अजून उभं नाही, कवेलू यायचे आहेत, वारा तसा आहे. ती म्हणाली, "छप्पर नसन तं नसन. दोघं मिळून चढवू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पागोट्याने पुसलं. माझी अट मी तिथेच मोडली.

आता शेवटचं. या पत्रावर टपालाचं तिकीट शोधू नकोस, मी ते टपालात टाकणारच नाही. आज घरी लिहून ठेवतो आहे. ज्या खलाशाच्या हातून ते तुला मिळेल, त्याच्याच मचव्यातून आम्ही उतरलेले असू. मी आणि रुख्मिणी. तू हे वाचत असशील तेव्हा ती बंदरावर दोरांच्या गाठोड्यावर बसलेली असेल. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं, तर छपराचं एक अक्षर तू वाचलं नसतंस, म्हणून शेवटी ठेवलं. मी तिच्याजवळ नसेन. मी जवळ असलो की ती पदर नाकाखाली ओढते, आणि दोन वर्षांनी बायको भेटावी अन् दिसावं नुसतं लुगडं, हे काही बरं नाही. म्हणून मी लांब जाऊन तुमच्याकडे पाठ करून बसेन. समुद्र मला पाहायचाच आहे. तुमचं बोलणं झालं की हाक मार, मला घाई नाही. पण ती वाट पाहते आहे, आणि तू अजून वाचतच बसला आहेस. ऊठ!

तुझाच,
समुद्राकडे तोंड करून बसलेला
जानराव