खाली धुकं, वर ऊन

मंगळवार, २१ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची हाताला सवय लागलीय, म्हणून लिहून टाकलं. तू ते खरं धरू नकोस.

डोंगरावरून उतरलेल्या दूधगाडीवाल्यानं तुझी चिठ्ठी दिली. 'वर लखलखीत ऊन आहे, रस्ता कोरडा ठणठणीत, आईला तयार ठेव, मी गाडी घेऊन येतो, आणि तुझं ते धुक्याचं रडगाणं पुरे.' रडगाणं म्हणतोस, पण एकदा येऊन बघ. समोरचा दिव्याचा खांब दिसेनासा झालाय. माझ्या लाँड्रीत एक कपडा वाळेल तर शपथ! हॉटेलच्या चादरी ओल्याच लोंबतायत आणि तिथला मॅनेजर रोज माझ्या नावानं खडे फोडतोय. निम्मे कपडे मी घरात आणून टांगलेत. आईच्या खाटेपर्यंत जायचं तर लोकांच्या पायजम्यांतून वाट काढावी लागते. परवा आई म्हणाली, "अगं, ही कुणाची विजार माझ्या तोंडावर टपटपतेय?" दोघी पोट धरून हसलो. मग तिला खोकल्याची उबळ आली आणि हसणं राहिलं बाजूला.

हे सगळं खरं आहे दादा. पण धुक्यामुळे गाडी अडते, असं मी तुला कळवत आले, ते खोटं. दूधगाडी रोज येते-जाते की! तुझ्याही लक्षात आलं असेल. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

आता सांगते. रागावशील, पण बसून वाच. आईच्या तपासण्या झाल्या त्याच दिवशी इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आईचं हृदय पार थकलंय. घाट चढताना, वरच्या त्या विरळ हवेत, ती वाटेतच जाईल म्हणाल्या. "आणि इथे ठेवलं तर?" मी विचारलं, तर नुसता चष्मा पुसत बसल्या. हिवाळा निघाला तर निघाला, एवढंच म्हणाल्या.

तुला कळवलं नाही, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. डॉक्टरांना काय कळतंय म्हणून तू तिला उचलून नेलं असतंस. तिलाही तेच हवंय. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "वर कसं आहे गं?" मी म्हणायची, "बर्फ पडतोय आई, रस्ता बंद आहे." रेडिओवर रोज तेच हवामान, दऱ्यांत दाट धुकं आणि डोंगरमाथ्यावर निरभ्र आकाश. म्हणून मी रेडिओचे सेल काढून ठेवले आणि तो बिघडलाय म्हणून सांगितलं. खिडकीतून तिला दिसणार तरी काय, सगळं पांढरं. मला वाटलं, निभावून नेलं.

कसलं निभावतंय! काल संध्याकाळी तिचे पाय चोळत बसले होते. ती शांतपणे म्हणाली, "खाली असं धुकं बसलं की वर कडक ऊन असतं. उभा जन्म त्या डोंगरावर काढला मी. तू मला शिकवतेस?"

मला वाटलं, आता चिडणार. तर ती माझा हात थोपटायला लागली. म्हणाली, "दादा-वहिनीपायी तुला खोटं बोलावं लागतंय ना? राहू दे. मी नको झालेय त्यांना. माझ्या हातून दूध करपलं, तेव्हा सून म्हणाली, आता खालीच राहा लेकीकडे. तो तिथंच उभा होता. चकार शब्द बोलला नाही. मी तेव्हाच काय ते समजले."

दादा, खरं सांगायचं तर काय सांगू? त्यांना तू हवी आहेस, पण तिथवर तू पोचणार नाहीस, असं? आणि न सांगावं तर ती हेच उराशी धरून जाणार. शेवटी तुझी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती उघडलीसुद्धा नाही. "तूच लिहायला लावलं असशील त्याला," म्हणाली आणि कुशीवर वळली. मी रात्रभर रडले रे. एवढी धडधाकट बाई मी, मणभर ओल्या चादरी एकटी उचलते, आणि म्हाताऱ्या आईला एक खरी गोष्ट पटवता येत नाही.

वहिनीला बोलू नकोस. दमलेल्या माणसाच्या तोंडून जातं काहीबाही. आई तिला दोष देतच नाही. तिला लागलंय ते तुझं गप्प राहणं.

आज लाँड्रीतल्या रेडिओवर ऐकलं. गुरुवारपासून वारा फिरणार, धुकं उठणार आणि घाटात जोरदार बर्फ पडणार. ही चिठ्ठी आज दूधगाडीवाल्याबरोबर वर येतेय. उद्या सकाळी तो दूध घेऊन खाली उतरेल, ती शेवटची खेप. मग थंडी सरेपर्यंत रस्ता बंद.

त्या गाडीत बसलास तर तुला परत वर जाता येणार नाही, हे मला कळतं. गोठ्यात गुरं आहेत, वहिनी त्या बर्फात एकटी पडेल. कोणत्या तोंडानं ये म्हणू? आणि नको ये, असं तरी कसं म्हणू?

तरी म्हणते, ये. माझ्याशी भांडायला ये, मला दोन थोबाडीत मारायला ये, पण तिच्या खाटेशी येऊन उभा राहा. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं आता तिला पटायचं नाही. नाहीतर गुरुवारी रस्ता खरोखरच बंद होईल, ती विचारेल "वर कसं आहे गं?", आणि मी म्हणेन, "बर्फ पडतोय आई." ती माझा हात थोपटेल.

उद्या सकाळी गाडीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी