कुरण नापास झालं

मॅडम,

हिंगणीजवळचं ते कुरण आठवतं ना, जिथे तुम्ही आम्हाला चौकट घेऊन गवत मोजायला न्यायचात? यंदा ते सरकारी कामासाठी मी मोजलं. तुमच्या जागेवर आता मी शिकवते, म्हणून काम माझ्याकडे आलं. प्रश्न सरळ होता: कुरण राखायचं, की खणून तिथे झाडांचं रोपवन करायचं? शेजारी जुनं रोपवन आहे, त्याच्याशी जैवविविधतेचा निर्देशांक ताडून बघा, म्हणाले. आश्विनातल्या उन्हात दोन्हीकडे चौकटी टाकल्या, काडी न् काडी मोजली. रोपवनाचा आकडा चांगला वर आला, कुरणाचा खाली.

मला नवल वाटलं नाही, आणि त्याचाच जास्त थकवा आला. हा निर्देशांक दोनच गोष्टी विचारतो, जाती किती आणि त्या सारख्या वाट्याने आहेत का. कुरणात जिकडेतिकडे पवन्या आणि कुसळी, बाकीचं गवत मधूनमधून. रोपवनात सुबाभूळ, निलगिरी, घाणेरी, गाजरगवत, तरोटा, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. सूत्र खूश. घरचं कोण आणि उपटसुंभ कोण, हे त्याला कळत नाही.

हे तुम्ही मला सेलूच्या तुमच्या स्वयंपाकघरात शिकवलंत. आयुष्यातला पहिला निर्देशांक काढून मी मिरवत आले होते. दोन रानांचे दोन आकडे, आणि खाली ‘हे रान अधिक समृद्ध’ असं ठोकून दिलेलं. तुम्ही तुरीची डाळ निवडत बसल्या आहात. कागद वाचता, चष्मा कपाळावर सरकवता. “हे समृद्ध कोनाले विचारून लिहिलं वं?” मग तुम्ही माझ्यापुढे दोन वाट्या ठेवता. एकीत निवडलेली डाळ आणि चुकून आलेले थोडे उडीद. दुसरीत डाळ, खडे, भुसा, किडके दाणे, सगळं सारखं सारखं.

“तुह्या सूत्राले कोनती वाटी आवडंल?”

“दुसरी,” मी म्हणते.

“मंग आज तेच शिजवू. जेवूनच जाजो.”

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. नंतर पोटभर जेवू घातलंत, अर्थात पहिल्या वाटीतलं.

यंदा निकालाच्या सरकारी बैठकीत मी हीच डाळ सांगितली. लोक हसले. चंडोल उघड्या गवतात जमिनीवर घरटं करतो, तो रोपवनात येणार नाही, आपल्या इथल्या गवळाऊ जातीच्या गाई याच गवतावर पोसल्या, हेही सांगितलं. काम देणारे साहेब सभ्य होते. म्हणाले, “मॅडम, उदाहरण एक नंबर आहे. पण फाइलमध्ये आकडा जाते, डाळ नाई जात.” बाहेर गाई राखणारे एक काका निकालासाठी थांबले होते. कुरणाचा आकडा कमी आलाय, एवढंच मी त्यांना सांगू शकले.

“म्हंजे आमचं कुरन नापास झालं म्हना ना. आता गाई कुठं नेऊ जी?”

मी म्हटलं, काका, कुरण नापास नाही, परीक्षाच चुकीची आहे.

“पन परीक्षा तं तुमीच घेतली,” ते म्हणाले. रागाने नव्हे. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

अहवालात मी दोन पानं भरून लिहिलं, की जाती कोणत्या आहेत हे न पाहता हे आकडे शेजारी ठेवू नयेत. ती पानं शेवटी परिशिष्टात गेली, आणि परिशिष्ट कोण वाचतं? परवा मी तिकडे जाऊन आले. यंत्राने चर मारायला घेतलेत, निम्मं गवत मातीखाली गेलंय. एक गाय चराच्या कडेला उभी राहून उरलेलं ओरबाडत होती.

तुम्ही भांडला असतात. मीही भांडले, उगाच स्वतःला दोष देत नाही. पण ते चर पाहिल्यावर वाईट वाटायच्या आधी एक गोष्ट मनात आली: चला, पुढच्या वर्षी इथे मोजायला यायला नको. सुटल्यासारखं वाटलं, मॅडम. वाईट नंतर वाटलं, घरी आल्यावर, तेही हिशेबाने वाटावं तसं. तुम्ही हयात असतात आणि हे पत्र टाकायला पत्ता असता, तर एवढं मी लिहिलंच नसतं.