रविवारच्या मॅचची दोन तिकिटं

१० मे, देजॉन
उद्या अकराला १८ तारखेच्या, रविवारच्या मॅचची तिकिटं मोबाईलवर सुटणार. माझा मित्र प्यो संगगिल मॅचच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कायमचा मुलाकडे जेजू बेटावर चालला. चाळीस वर्षं बेसबॉल आम्ही एकत्र बघितला. शेवटची मॅच मी दाखवणार, असं वृद्ध मंडळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुलगी रान्ही म्हणाली, मी काढून देते. नको म्हटलं. चौथी शिकलो म्हणून काय तिकीट काढता येत नाही?

११ मे, ११.००
रांगेत नंबर ३८,४१२. मोबाईलमध्ये कसली आलीय रांग?

११.०९
नंबर ९,०००. फारच हळू. पान बंद करून परत उघडलं, म्हणजे जोर येईल.

११.१०
नंबर ६१,२०५. किळसवाणा प्रकार.

११.३०
सगळी संपली. जगाचीच शिसारी आली.

१२ मे
प्योने विचारलं. मिळाली म्हणालो. हे खोटं नाही, थोडं आधी बोललेलं खरं आहे. मॅचच्या दिवशी म्हाताऱ्यांसाठी खिडकीवर काही तिकिटं ठेवतात.

१४ मे
रान्हीचा फोन. मला न विचारता दोन तिकिटं काढून ठेवली होती. बापाला इतकं नालायक समजते! माझ्याकडे आहेत म्हटलं.
"नक्की ना बाबा? मग मी रद्द करते."
कर म्हटलं. दिवसभर छातीत धडधड. हवेमुळे.

१७ मे
निश्चय: उद्या पाचला उठणे. खिडकीवर पहिला नंबर.

१८ मे
सहाला पोचलो. पुढे त्रेचाळीस म्हातारे, घडीच्या स्टुलांवर, पहाटे तीनपासून. खाकरतात, थुंकतात, एकमेकांची जागा धरतात. या वयात इतकी हाव! माझ्यापुढे दोघं असताना खिडकी बंद झाली.

एकला प्यो गेटवर आला. टीमचा शर्ट इस्त्री केलेला, हातात दोघांपुरतं तळलेलं चिकन. मी खिडकीवाल्यांना, मोबाईलला, सरकारला शिव्या घातल्या. मग तो म्हणाला,

"दुसिक, मिळाली नाहीत म्हणाला असतास तर घरी टीव्हीवर बघितली असती रे. सोबत महत्त्वाची होती."

सामान बांधायचं राहिलंय म्हणाला. चिकन माझ्या हातात देऊन बस स्टॉपकडे गेला. मॅच सुरू झाली, आतून मोठा ओरडा आला. कुणाची तरी होमरन असावी.

रात्री
चिकन गार झालं होतं. दोघांचं एकट्याने खाल्लं. आता जळजळ होतेय. तेलच खराब वापरतात हल्ली.